फोटोला विषय पेठेतच आहेत. कामाचे मात्र कागदावर ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९ ऑगस्ट, म्हणजे जागतिक छायाचित्रण दिन जवळ आला की आपल्यासह सगळ्याच दैनिकांत कॅमेऱ्यांवर, स्पर्धांवर, प्रदर्शनांवर मजकूर येतो. १८३९ साली याच दिवशी पॅरिसमध्ये डॅगेरोटाइपची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो उमटवण्याची, कृती जाहीर झाली, हेही छापून येते. ज्या मुलामुलींनी कॉलेज किंवा नोकरी सांभाळून कॅमेरा हातात घेतला आहे, त्यांचे दोन प्रश्न मात्र दरवर्षी तसेच राहतात. रोज काढायचे काय, आणि यातून काम मिळवायचे कसे? माझ्या मते हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. ज्याच्याकडे स्वतःचा विषय आहे त्याच्याकडे काम येते, आणि विषय हाती लागतो तो एकाच जागी वर्षभर जात राहिल्याने. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. जागा द्यावी, ही विनंती.

पुण्यातला नवखा छायाचित्रकार सहसा रविवारी सकाळी गटाने बाहेर पडतो. मंडई, तुळशीबाग, शनिवारवाडा आणि शेवटी नाश्ता. वीस कॅमेरे एकाच भाजीवालीवर रोखले की ती अवघडते किंवा हसून पोज देते, आणि वीसही जण तोच फोटो घेऊन घरी जातात. वारीत दिवे घाटाच्या ठरलेल्या वळणावर हेच घडते. मग ‘पुण्यात काही उरलेच नाही’ असे वाटू लागते आणि पैसे साठवून लडाख किंवा वाराणसी गाठली जाते. तिथेही चार दिवसांत जे दिसते ते आधीच हजारोंनी टिपलेले असते, कारण चार दिवसांत कोणालाही तेवढेच दिसते. सुचत नाही याचे कारण बहुतेक वेळा हेच असते, की आपण प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदाच गेलेलो असतो.

त्यापेक्षा एक आळी धरावी. कसबा पेठेतली तांबट आळी घ्या. पत्रा तापवून मऊ करायचा, ठोकून आकार द्यायचा, काळेपणा धुऊन काढायचा आणि शेवटी मठारकाम करायचे, म्हणजे हातोडीचे ठोके शेजारी शेजारी देत भांड्यावर चकचकीत खुणांच्या रांगा उठवायच्या. यातली प्रत्येक पायरी वेगळा फोटो मागते आणि प्रत्येक ठिकाणी कॅमेरा वेगळ्या रीतीने फसतो.

दुकान अंधारे असते आणि उजेड एका दारातून येतो. चौकटीत अंधार जास्त दिसला की कॅमेऱ्यातले प्रकाश मोजणारे मीटर एक्स्पोजर, म्हणजे आत घेतला जाणारा प्रकाश, वाढवते. मग भांड्यावरची चमक पांढरीफटक होते, आणि ती एकदा गेली की संगणकावरही परत मिळत नाही. इथे मीटरचा हिशेब दुरुस्त करणारे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ ते उणे १ स्टॉप ठेवावे (एक स्टॉप म्हणजे निम्मा किंवा दुप्पट प्रकाश) आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल घ्यावी. काळोखातला तपशील रॉमधून बऱ्यापैकी उचलता येतो, जळालेली चमक येत नाही. दुसरा घोटाळा रंगाचा. तांब्याचा लालसर उजेड सगळीकडे पसरलेला असतो. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा आपोआप करतो ती रंगदुरुस्ती, तो दोष समजून काढून टाकतो आणि तांबे पितळेसारखे फिके दिसते. दिवसाच्या उजेडात ५२०० ते ५५०० केल्विनवर स्थिर ठेवले की तांबे तांब्यासारखे येते. दाराकडे पाठ करून उभे राहिलात तर कारागिराचा उजेड अडतो आणि आपल्या पाठीमागून भांड्यावर सरळ पडणाऱ्या प्रकाशात ठोक्यांच्या खुणाही सपाट होतात. दार आपल्या डाव्या किंवा उजव्या हाताला येईल असे उभे राहावे. आडव्या उजेडात प्रत्येक खुणेची एक कड उजळते आणि दुसरी गडद होते, तेव्हाच मठारकाम फोटोत दिसते.

शटर किती वेळ उघडे ठेवायचे याचेही तसेच. १/१००० सेकंदाला हातोडी हवेत थिजते. फोटो स्वच्छ येतो, पण काम चालू आहे असे वाटत नाही. १/६० किंवा १/३० ला हातोडी पुसट होते, भांडे आणि धरलेला हात मात्र स्पष्ट राहतात. इतक्या संथ शटरला आपला हात हलू नये म्हणून भिंतीला खांदा टेकवावा आणि आठ-दहा फ्रेम सलग घ्याव्यात. त्यातली एखादीच जुळून येते. लेन्स एकच पुरे. फुल फ्रेमवर (३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरवर) ३५ मिमी, लहान सेन्सरवर २३-२४ मिमी. झूम नसली की पुढे-मागे स्वतः सरकावे लागते, आणि सरकताना चौकटीच्या कडांना काय येते आहे ते दिसू लागते.

पण या तांत्रिक गोष्टींहून महत्त्वाचे म्हणजे पुन्हा जाणे. पहिल्या फेरीला फोटो कमी काढावेत आणि विचारावे जास्त. पुढच्या वेळी जाताना ४ बाय ६ इंचांच्या प्रती छापून न्याव्यात आणि ज्याचा फोटो त्याला द्याव्यात. मोबाइलवर पाठवलेला फोटो विसरला जातो, हातात दिलेला कागद दुकानात लागतो. त्यानंतर तुम्ही पाहुणे राहत नाही, लोक आपापले काम करत राहतात. महिन्याच्या शेवटी निवडक पन्नासेक फोटो छापून जमिनीवर मांडावेत. पडद्यावर एकेक फोटो बघताना प्रत्येक बरा वाटतो, शेजारी शेजारी मांडले की वीस तर एकाच कोनातून काढलेले निघतात. मग उणीव वहीत लिहून काढावी. आळीचे दुरून दृश्य आहे का, अवजारे आहेत का, गिऱ्हाईक कुठे आहे, दोन कारागीर आपसात बोलताना दिसतात का, दुकान बंद होतानाचा फोटो का नाही? पुढच्या महिन्यात काय काढायचे हे त्या वहीतून ठरते. प्रेरणा म्हणतात ती माझ्या अनुभवात याच यादीतून येते. वर्षाअखेर बारा ते पंधरा फोटो उरले तर वर्ष सार्थकी लागले असे समजावे.

वर्षभर म्हणण्याला खगोलाचेही कारण आहे. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबर ते मध्य जानेवारीत भर दुपारचा सूर्य दक्षिणेला साधारण ४८ ते ५० अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेकडच्या दारातून ऊन आत लांबवर येते. मेच्या मध्यावर तो थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते आणि तेच ऊन उंबऱ्याबाहेर थांबते. एकाच दाराचे हे दोन फोटो निराळ्या जागांचे वाटावेत इतके वेगळे असतात.

छायाचित्रकाराने घरातले पंचांग उघडायला शिकावे, असे मला फार वाटते. सूर्योदय, सूर्यास्त, तिथी आणि जत्रा-यात्रा एकाच ठिकाणी मिळतात. पर्वतीच्या देवळामागे मोठा चंद्र हवा असेल तर बहुतेक जण पौर्णिमेला जातात आणि काळ्या आकाशात एक पांढरा ठिपका घेऊन येतात. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, आणि तो इमारतींच्या वर येईपर्यंत अंधार पडलेला असतो. आदल्या दिवशी, शुद्ध चतुर्दशीला, तो साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटे आधी उगवतो. सूर्य मावळताना चंद्र क्षितिजाच्या बराच वर असतो आणि देवळावर अजून उजेड असतो, त्यामुळे दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये बसतात. चंद्र मोठा दिसण्यासाठी जवळ जायचे नसते, लांब जायचे असते. चंद्राची रुंदी आकाशात अर्धा अंश. एक किलोमीटरवरून तो देवळाच्या नऊएक मीटर भागाएवढा दिसतो, दोन किलोमीटरवरून अठरा मीटरएवढा. म्हणजे देऊळ लांबून लहान होते, चंद्र तेवढाच राहतो. ४०० मिमी लेन्सवर सेन्सरवर त्याचे बिंब साडेतीन मिलिमीटरच्या थोडे वर भरते. जागा ऋतूप्रमाणे बदलते. हिवाळ्यात पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र ईशान्येकडे झुकून उगवतो, म्हणून आपण देवळाच्या नैर्ऋत्येला उभे राहावे. उन्हाळ्यात तो आग्नेयेकडून येतो, तेव्हा वायव्येची एखादी गच्ची शोधावी. गच्चीच्या मालकाची परवानगी आधी घ्यावी, ऐनवेळी जिन्यात वाद नको.

सणांच्या दिवसांतही मीटर फसते, पण उलट दिशेने. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामाला असते. तेव्हा आसपासच्या गल्ल्यांत पांढऱ्या कपड्यांची गर्दी असते. चौकटभर पांढरे आले की कॅमेरा फोटो काळवंडून टाकतो आणि चेहरे बुडतात. तिथे अधिक ०.७ द्यावे. मुक्कामाच्या या दोन दिवसांत शहर वारकऱ्यांसाठी काय काय करते ते बघावे. चपला शिवणारे, दाढी करणारे, पाय चोळून देणारे, दिंडीचा स्वयंपाक रांधणारे. दिवे घाटाच्या वळणावर हे मिळत नाही. दसऱ्याआधी मार्केट यार्डच्या फुलबाजारात झेंडूचे ढीग असतात. तिथे साधा हिस्टोग्रॅम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनल भरून गेलेला असतो आणि फुलाच्या पाकळ्या वेगळ्या न दिसता केशरी डाग उरतो. तिन्ही रंगांचा हिस्टोग्रॅम लावून लाल कड आत येईपर्यंत एक्स्पोजर कमी करावे. बहुधा दोन-तृतीयांश स्टॉप पुरतो.

विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल आणि जेजुरीत भंडारा, दोन्ही लेन्सच्या सरकणाऱ्या नळीतून आत जातात. तिथे लेन्स बदलू नये. कॅमेरा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून टेपने बंद करावा आणि पुढे साधा यूव्ही फिल्टर लावावा. घरी आल्यावर आधी ब्लोअरने उडवावे, मग ब्रश, आणि कापड शेवटी. कापड आधी फिरवले तर कणच काचेवर घासले जातात आणि लेप ओरखडतो. रात्रीच्या एलईडी रोषणाईत फोटोवर आडवे पट्टे येतात. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणजे त्यावर थेट चालणारे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की पूर्ण आवर्तन पकडले जाते. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरावे. ढोलाची टिपरू पुसट हवीच असते, त्यामुळे १/५० तिथे अडचणीचा नाही.

पावसाळ्यातल्या निगेबद्दल दोन वाक्ये. हवेत ६०-६५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता टिकली की लेन्समध्ये बुरशी धरते. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, पाव किलो सिलिका जेल आणि लहानसा आर्द्रतामापक एवढ्यावर ४०-५० टक्के राखता येतात. दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर कढईत गरम करून पुन्हा वापरावेत. चामड्याच्या बॅगेत कॅमेरा महिनोन्‌महिने ठेवणे हे बुरशीला आमंत्रणच आहे.

आता कामाकडे. लग्नांची कामे पुण्यात भरपूर आहेत आणि त्यांत कमीपणा काही नाही, पण त्याखेरीजची दारे नव्या मुलांना दिसत नाहीत. पहिले दार रंगभूमीचे. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात एकांकिका करणाऱ्या प्रत्येक कॉलेजला पोस्टरसाठी आणि बातमीसाठी चांगले फोटो लागतात. प्रयोगात नव्हे, रंगीत तालमीत जावे. तिथे हलता येते, प्रकाशयोजना तीच असते. चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग (फक्त तेवढ्याच जागेचा उजेड मोजणे), एफ २.८ (लेन्सचे छिद्र), शटर १/१६० ते १/२००, आयएसओ ३२०० (सेन्सरची संवेदनशीलता) इथून सुरुवात करावी. फोकससाठी कॅमेरा जो लाल दिवा टाकतो तो बंद करावा आणि कॅमेऱ्याचा मागचा पडदाही बंद ठेवावा, अंधारात शेजारी बसलेल्याला तोच खुपतो. तालीम संपल्यावर त्याच रात्री तीन फोटो आणि डावीकडून उजवीकडे कलाकारांची नावे असा मजकूर संस्थेच्या हाती दिला तर पुढच्या वर्षी बोलावणे येते. दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवलेले तीनशे फोटो कोणाच्या उपयोगाचे नसतात.

दुसरे दार वाड्यांचे, आणि माझ्या लेखी ते सर्वांत तातडीचे. पेठांतले वाडे पुनर्विकासासाठी उतरवले जात आहेत. पाडण्यापूर्वी नीट नोंद व्हावी असे वास्तुविशारदांना वाटते, विद्यार्थ्यांना वाटते, आणि अनेकदा त्या घरातल्या माणसांनाही वाटते. हा फोटो सुंदर दिसण्याआधी खरा असावा लागतो. कॅमेरा तिपाईवर पूर्ण सपाट ठेवावा. वर-खाली झुकवला की खांब तिरपे दिसतात. एफ ८ ते ११, आयएसओ १००, टाइमरने शटर. चौकात लख्ख उजेड आणि पडवीत काळोख असतो, म्हणून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो घेऊन नंतर जोडावेत. १६ मिमीसारख्या फार रुंद लेन्सने ओसरी सभामंडपाएवढी दिसते. २४ मिमी प्रामाणिक राहते. दिंडी दरवाजा, कोनाडे, कडीपाटाचे छत, तुळईवरचे कोरीव काम अशा तपशिलांच्या फोटोंत एक मीटरची मोजपट्टी शेजारी ठेवून एक फोटो घ्यावा आणि तिच्याशिवाय दुसरा. प्रत्येक खोलीचे चारही कोपरे घ्यावेत, आणि कुठला फोटो कुठून काढला ते कागदावरच्या आराखड्यात बाणाने दाखवावे. असा एक संच नीट करून ठेवला की जतनाचे काम करणाऱ्यांना दाखवायला तुमच्याकडे तोंडी बढाईपेक्षा भक्कम काहीतरी असते. घरमालकाची लेखी संमती मात्र आधी घ्यावी. वाद चालू असलेल्या वाड्यात शिरूच नये.

तिसरे दार दिवाळी अंकांचे. पुण्यात प्रकाशन व्यवसाय मोठा आहे आणि अंकांचे विषय उन्हाळ्यातच ठरू लागतात. गणपतीनंतर फोटो घेऊन जाणाऱ्याला नकार मिळतो तो फोटो वाईट म्हणून नाही, पाने भरली म्हणून. मे-जूनमध्ये एकाच विषयावरचे बारा फोटो आणि चारशे शब्दांचे टिपण पाठवावे. वर्षभर धरलेली आळी इथे उपयोगी पडते. भोसरी, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांतही यंत्रे, माणसे आणि उत्पादन यांचे फोटो सतत लागतात. तिथे सेफ्टी शूज घालून जावे, रंगकाम विभागात द्रावकांची वाफ असते म्हणून विचारल्याशिवाय फ्लॅश लावू नये, आणि मागच्या फळ्यावरचे आकडे किंवा नकाशे फोटोत येत नाहीत ना हे प्रत्येक वेळी तपासावे. त्या एका चुकीने पुढचे काम जाते.

पक्ष्यांच्या फोटोंना बाजार कमी आणि गर्दी जास्त, म्हणून थोडक्यात. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघायला गेल्यावर बोट थव्यात घालायला सांगू नये, उडालेल्या थव्याचा फोटो हा त्यांच्या खाण्यात आणलेल्या व्यत्ययाचा फोटो असतो. ड्रोनचेही थोडक्यात. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, लष्करी हद्दी अनेक आहेत. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्काय नकाशा बघितल्याशिवाय उडवू नये. शनिवारवाडा आणि पाताळेश्वर ही केंद्रीय संरक्षित स्मारके असल्याने तिथे तिपाईला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

प्रत्येक फोटोसोबत कोण, कुठे, कधी, काय चालले आहे हे त्याच दिवशी फाइलच्या माहितीत लिहावे. सहा महिन्यांनी नाव आठवत नाही, आणि नाव नसलेला फोटो संपादकाला छापता येत नाही. बातमीसाठी सार्वजनिक जागेतला फोटो वेगळा आणि जाहिरातीसाठी वेगळा; जाहिरातीत ओळखू येणारा चेहरा असेल तर त्याची लेखी संमती लागते, मुलाचा असेल तर पालकांची.

आता कायद्याचे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार, कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा ठरतो. बहुतेक छायाचित्रकारांना हे उलटे वाटते. म्हणून कोटेशनमध्येच लिहावे की हक्क छायाचित्रकाराकडे राहतील आणि ग्राहकाला अमुक कामासाठी, अमुक काळासाठी वापराचा परवाना आहे. ग्राहकाची सही घ्यावी. हक्क द्यायचेच असतील तर १९व्या कलमाप्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. स्वतःसाठी काढलेल्या फोटोवर छायाचित्रकाराचा हक्क हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने फोटोसाठीची वेगळी, कमी मुदत काढून टाकली. ५७व्या कलमाने कर्तेपणाचा हक्क, म्हणजे हा फोटो माझा आहे हे सांगण्याचा हक्क, फोटोचे हक्क विकल्यानंतरही छायाचित्रकाराकडेच असतो.

कोटेशनवर किती तास, किती तयार फोटो, किती वेळा दुरुस्ती, प्रवास, निम्मी आगाऊ रक्कम आणि तारीख रद्द झाल्यास काय, एवढे तरी असावे. ‘सगळे फोटो द्या’ या एका वाक्यावर पुण्यात जितकी भांडणे होतात तितकी पैशावर होत नाहीत. दिला जाणारा आकडा आधी लिहिला की प्रश्न मिटतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाऊ लागली की जीएसटी नोंदणीचे बघावे.

आणि स्पर्धा. बऱ्याच स्पर्धांच्या नियमांत शेवटी एक ओळ असते, की आलेल्या सर्व छायाचित्रांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील. म्हणजे बक्षीस तिघांना आणि हक्क हजार जणांचे गोळा. प्रदर्शनासाठी आणि स्पर्धेच्या प्रसिद्धीसाठी वापर, इतकी अट न्याय्य आहे, त्यापुढची नाही. अशा ठिकाणी फोटो पाठवू नये. पाठवायचाच असेल तर लांब बाजू २००० पिक्सेलची प्रत पाठवावी आणि मूळ रॉ फाइल कधीच देऊ नये, कारण फोटो आपला आहे हे दाखवायला तीच उपयोगी पडते.

स्वतःचे प्रदर्शन करणे अवघड वाटते तितके नाही. बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन आणि घोले रस्त्यावरचे राजा रविवर्मा कलादालन, दोन्ही महापालिकेची आहेत. १२ बाय १८ इंचांच्या प्रतीला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण १९.५ मेगापिक्सेल. पण हातभर अंतरावरून बघायचे असेल तर २४० डीपीआयही चालते, आणि त्याला साडेबारा मेगापिक्सेल पुरतात. जुना कॅमेरा आहे म्हणून थांबायचे कारण नाही. प्रती काळपट येतात त्याचे कारण बहुधा लॅब नसते, आपल्या संगणकाचा पडदा फार उजळ ठेवलेला असतो. पूर्ण संच देण्याआधी एकाच कागदावर सहा लहान फोटो छापून कलादालनाच्या दिव्याखाली बघावेत. टांगताना फोटोचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर यावा.

या निमित्ताने आपल्याकडे आणि महापालिकेकडे काही मागणे आहे. वाचकांनी पाठवलेली छायाचित्रे आपण छापता तेव्हा प्रत्येकाखाली छायाचित्रकाराचे नाव असावे. ‘संग्रहित’ किंवा ‘सौजन्य: समाजमाध्यम’ लिहून चालवू नये. छायाचित्र मागवताना त्याचा वापर फक्त एकदाच्या छपाईसाठी आणि त्या बातमीच्या ऑनलाइन आवृत्तीसाठी होईल, हे त्याच चौकटीत लिहावे. छापलेल्या छायाचित्राला मानधन द्यावे. रक्कम लहान असली तरी नव्या मुलाला पावती मिळते आणि काम म्हणून त्याची नोंद होते. महापालिकेने दोन्ही कलादालनांत दरमहा किमान एक आठवडा पहिल्यांदा प्रदर्शन करणाऱ्यांसाठी निम्म्या भाड्याने राखून ठेवावा आणि त्याच्या तारखा सहा महिने आधी जाहीर कराव्यात. पाडण्याची परवानगी मिळालेल्या वाड्यांची यादीही महापालिकेने वेळेवर प्रसिद्ध करावी. मालकाची संमती असेल तिथे छायाचित्रकारांना आत जाऊन नोंद करण्यासाठी निदान पंधरा दिवस मिळतील, इतक्या आधी ती यादी लागावी.

आपला,
एक वाचक (व्यवसायाने छायाचित्रकार),
नारायण पेठ, पुणे